आठ दिवसांचं बाइंडिंग, बावीस दिवसांत

सांगलीतल्या आमच्या हळदीच्या अडतीतल्या रोजमेळाच्या वह्या दर दिवाळीला गणपती पेठेमागच्या एका बोळात बांधल्या जातात. लाल कापडाची ती चोपडी दहा वर्षं आपटा, शिवण हलत नाही. म्हणून घरातलं एक फुटलेलं पुस्तक घेऊन मी त्याच बाइंडरकाकांकडे गेलो. दुकानाला पाटी नाही. आत भिंतीवर २०१९ च्या पुराची तपकिरी रेघ आहे, आणि तेव्हापासून कोरा कागद माळ्यावर असतो. गिऱ्हाईक आलं की काका आधी शिडी उतरतात.

पुस्तक म्हणजे सी. एस. लुईसच्या ‘नार्निया’ या मुलांसाठीच्या जादुई कथामालेची सातही पुस्तकं एकत्र असलेला जाडजूड पेपरबॅक. साडेसातशेच्या वर पानं. लेक नऊ वर्षांची असताना अप्पा बळवंत चौकातून जुना आणला होता. रात्री मी इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. त्यात सोय अशी की इंग्रजीत नुसता ‘अंकल अँड्र्यू’ असतो, पण तो गोष्टीतल्या डिगरी नावाच्या मुलाच्या आईचा भाऊ. म्हणजे आमच्याकडे सरळ अँड्र्यूमामा. लेटी मावशी. आणि डिगरी भाचा. मामाने भाच्याला कोंडीत पकडून पिवळ्या-हिरव्या अंगठ्यांच्या जादूत ढकलायचं, हे तिला फारच पटलं होतं, कारण तिचा मामाही काही कमी नाही.

आता नेमकं हेच पुस्तक, ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’, दिग्दर्शिका ग्रेटा गेर्विग पडद्यावर आणतेय. प्रसिद्ध झालं १९५५ साली, म्हणजे सातांतलं सहावं. पण गोष्ट सगळ्यांच्या आधीची, त्यामुळे एकत्र आवृत्तीत पहिलं छापतात. मागचे तीन सिनेमे २००५, २००८ आणि २०१० चे, त्यांनी याला हात लावला नव्हता. लेकीचा पुण्याहून फोन आला, ‘बाबा, आयमॅक्सला बघायचा, आणि त्याआधी तुम्ही परत वाचून दाखवायचं.’ पुस्तक काढलं तर पाठ फुटलेली आणि पहिली शंभरेक पानं मोकळी हातात आली.

काकांनी पुस्तक उलटं धरून पाठीवर नखाने खरवडलं. ‘साहेब, ह्यो नुसता गोंद हाय. घडीचे फर्मे असते तर जुजबंदी, म्हंजे घडीतनं शिवण, केली असती. ह्येला बाजूनं टाचावं लागणार, मग उघडणार न्हाई नीट.’ एवढी जाडी बाजूने शिवली तर पुस्तक तळहातावर पसरत नाही, ओळींची सुरुवात शिवणीत जाते. त्यांनीच तोड सांगितली: सुटलेला गठ्ठा वेगळा बांधू, बाकीचं वेगळं. म्हणजे सिनेमाचं पुस्तक आपोआप स्वतंत्र झालं. २८० रुपये, आठ दिवस.

आठाचे बावीस झाले. चार खेपा झाल्या, दर वेळी ‘खळ वाळली न्हाई’. पावसाळी हवेत खळ वाळत नाही हे खरं, पण तिसऱ्या खेपेला माझा गठ्ठा दाबायच्या शिकंजात नव्हताच, खुर्चीखाली होता.

काम मात्र बघण्यासारखं. मेण लावलेला दोरा, दाभणाची भोकं एका रेषेत, आत जाड अस्तर कागद. खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे झुरळ-कसर लागत नाही. वरून तोच आमच्या चोपडीचा लाल कापडी पुठ्ठा. मांडीवर ठेवलं की वाटतं, आता नार्नियाची बाकी काढायची. उघडतं छान. शिवणीत गेलेली जागा धरूनही एक अक्षर खाल्लेलं नाही. पॉलीन बेन्सची रेखाचित्रं मधोमध आहेत तशीच.

तक्रार एकच आहे आणि ती मोठी आहे. विचारल्याशिवाय कडा कापल्या. वह्यांची सवय, तिन्ही बाजू मशीनखाली घालून गुळगुळीत. डिगरीची आई अंथरुणाला खिळलेली असते, तो तिच्यासाठी नार्नियातल्या जादूच्या झाडाचं सफरचंद आणतो आणि ती बरी होते. लुईसची स्वतःची आई तो नऊ वर्षांचा असताना कॅन्सरने गेली होती, हे मला फार नंतर कळलं. आम्ही तिथवर वाचलं तेव्हा माझी आई मिरजेला दवाखान्यात होती. लेकीने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आजीला पण द्या’. त्यातला ‘द्या’ गेला. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. ‘पेन्सिल दिसली न्हाई बघा.’ तीस रुपये परत करायला लागले, मी घेतले नाहीत.

सिनेमाबद्दल माझी उत्सुकता एकाच जागी अडकलीये. अंधारात सिंह गातो आणि त्या गाण्यातून तारे, टेकड्या, गवत, जनावरं उगवत जातात. मी तिथे भूप रागासारखं काहीतरी गुणगुणायचो. बेसूर, पण लेकीला तेच खरं वाटायचं. पडद्यावर तो आवाज कसा ठेवणार? देखाव्याची काळजी नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही राक्षस रंगमंचावर आलेच की. आवाजाचं तसं नाही. एकदा तो ऐकला की माझा भूप संपला, म्हणून आधी वाचून घ्यायची घाई.

थोडक्यात, खतावणी बांधायची असेल तर डोळे झाकून जा. आठवणींचं पुस्तक असेल तर डोळे उघडे ठेवून जा, आणि महिना हाताशी ठेवा. उरलेली सहा पुस्तकं अजून त्यांच्याकडेच आहेत. त्या गठ्ठ्यावर मी लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून आलोय: कटिंग करू नये.