खिशातला यूव्ही मीटर : आठ महिने रोज वापरल्यानंतर

मला उन्हाची ॲलर्जी आहे, त्यामुळे यूव्ही इंडेक्सचा (उन्हातले अतिनील किरण त्वचेला किती भाजू शकतात हे सांगणारा) आकडा रोज लागतो. ॲपमधला आकडा बहुतेक वेळा ओझोन, सूर्याची उंची आणि ढग यांवरून काढलेला अंदाज असतो. मला प्रत्यक्ष मोजायचं होतं. म्हणून एकाच मॉडेलचे दोन मीटर घेतले. एक रोज उन्हात, दुसरा कपाटातल्या डबीत. महिन्यातून एकदा निरभ्र दुपारी दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे.

पहिल्या महिन्यात दोघांत 0.1 चा फरक होता. आठव्या महिन्यात डबीतला 8.2, रोजचा 7.3. आधी वाटलं धूळ असेल. वरची पांढरी चकती (डिफ्यूझर) ओल्या मऊ कापडानं पुसली, तर 0.2 परत आले. बाकीचे गेले ते गेलेच. जे किरण मोजायचे, तेच फिल्टर आणि चकतीला हळूहळू खराब करतात. वेधशाळांमधली महागडी उपकरणंसुद्धा यातून सुटत नाहीत. त्यांच्या कॅलिब्रेशनसाठी (प्रमाण उपकरणाशी ताडून आकडे बरोबर करून घेण्यासाठी) स्वित्झर्लंडमध्ये दावोसला जागतिक केंद्र आहे. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची : आकडा कमी दिसायला लागला की आपण बिनधास्त जास्त वेळ उन्हात थांबतो.

दुपारच्या रीडिंगवर माझा विश्वास बसलाय. सकाळ-संध्याकाळच्या नाही. सूर्य क्षितिजापासून 20 अंशांवर असताना मीटर त्याच्याकडे फक्त 5 अंश कलला, तरी थेट किरणांचा वाटा जवळपास 24 टक्क्यांनी वाढतो. सूर्य डोक्यावर असताना तेवढ्याच कलण्यानं अर्धा टक्काही फरक पडत नाही. हातात धरून मोजणं मी बंदच केलं. आता सपाट दगडावर, लेव्हल लावून ठेवते.

दुसरी अडचण आतली आहे. इंडेक्सचा 1 म्हणजे चौरस मीटरला 25 मिलिवॉट, पण त्वचा भाजण्याच्या हिशेबानं वजन दिलेले. 298 नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणाला पूर्ण वजन, 308 च्या किरणाला त्याच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. इतक्या तीव्र उतारावर सेन्सरचा प्रतिसाद या वजनांपासून जरा ढळला की चूक होते, आणि ती सूर्याच्या उंचीबरोबर, ओझोनबरोबर बदलत राहते. त्यामुळे एकाच गुणकानं ती दुरुस्त होत नाही. काही स्वस्त सेन्सर तर फक्त यूव्ही-ए (जास्त तरंगलांबीचे, त्वचा कमी भाजणारे अतिनील किरण) मोजतात आणि त्यावरून इंडेक्स सांगतात.

एका बाबतीत मात्र मी मीटरवर उगाच संशय घेतला होता. तुटक पांढऱ्या ढगांच्या दिवशी 9 वरून एकदम 10.4 दिसलं. बिघडला असं वाटून दुसरा काढला, त्यानंही तेच दाखवलं. सूर्य मोकळा आणि शेजारी ढग असले की ढगांवरून परतलेले किरण भर घालतात, हे खरंच होतं.

रोजचा मीटर सध्या कॅलिब्रेशनला गेलाय. सोबतच्या कागदावर तारीख होती, पण कॅलिब्रेशन दिव्याखाली केलं की सूर्याखाली, प्रमाण उपकरणाशेजारी ठेवून, याचा उल्लेख नव्हता. विचारल्यावरही नीट उत्तर मिळालं नाही. घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी हे विचारून घ्यावं.