ठळक शिरांचा पांढरा संगमरवर: ओट्यावर की भिंतीवर?

कोथरूडला बहिणीच्या ओट्यावर एक गोल खूण आहे. रात्री लिंबाची अर्धी फोड पालथी राहून गेली होती, एवढंच. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की तेवढीच जागा मंद, चकाकी गेलेली दिसते. घासून ती जात नाही, कारण तो डाग नाहीच. आम्लाने दगडाचा पृष्ठभागच खाल्लाय. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, आमसूल, सगळंच त्याला बाधतं. सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रावण, लावला की हळद-तेल मुरायला वेळ लागतो, पण आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. आपल्या स्वयंपाकात आंबट नाही असा दिवस कुठला?

म्हणून ओट्याला मी क्वार्ट्झचा, म्हणजे कारखान्यात बनवलेला, दगडच सांगेन. त्यात सुमारे ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन असतं. कठीणपणाच्या मोह्ज मापावर संगमरवर ३, क्वार्ट्झ ७. फक्त शेगडीवरून उतरवलेला कुकर थेट टेकवू नका, रेझिन करपतं. आणि उन्हाच्या बाल्कनीत हा क्वार्ट्झ पिवळा पडू शकतो.

हॉलच्या फरशीला संगमरवराच्या शिरा छापलेली मोठी व्हिट्रिफाइड टाइल पुरेशी. दुकानात एक प्रश्न मात्र विचाराच: या डिझाइनचे वेगवेगळे किती पीस येतात? चारच असतील तर तीच शीर खोलीभर पुन्हा पुन्हा दिसते आणि छपाई उघडी पडते.

खरा दगड घ्यायचाच तर टीव्हीमागच्या भिंतीला घ्या. स्टॅच्युअरिओ आणि कॅलाकाटा हे ठळक शिरांचे पांढरे संगमरवर, दोन्ही इटलीतल्या कारारा भागातले. कॅलाकाटाच्या शिरा जाड, कधी सोनेरी झाक असलेल्या. अशा शिरेला जागा लागते. दोन फूट रुंदीच्या ओट्यावर ती सिंकपाशी तुटते. भिंतीवर मात्र एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापलेले दोन स्लॅब पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावले, की शिरा मधोमध जुळतात. ते रूप मला कुठल्याच छपाईत अजून तितकं भावलेलं नाही.

वजनाचा विचार आधी करा. २० मिलिमीटर जाडीच्या दगडाचं वजन चौरस फुटाला साधारण ५ किलो, म्हणजे ४० चौरस फुटांना २०० किलो. जुन्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये अख्खा स्लॅब मावत नाही; जिन्याची वळणं मोजून ठेवा. बसवताना दगड चिकटवायला पांढराच अॅडहेसिव्ह वापरायला सांगा, करड्या सिमेंटची छटा वर येते. स्लॅब फोटोवरून ठरवू नका. गोदामात जाऊन दिवसाच्या उजेडात उभा करून बघा आणि कापण्याआधी स्विचबोर्डची जागा त्यावर पेन्सिलने स्वतः आखून द्या.