बारा बाटल्या ‘नॅनो’ आणि 15,810 रुपयांचा चुना

हिशेब आधी. दारात येऊन ‘नॅनो’ खत म्हणून विकलेल्या 500 मिलीच्या 12 बाटल्या, छापील किंमत 950, ‘खास तुमच्यासाठी’ 780, म्हणजे 9,360 रुपये. सहा एकर मक्यावर ड्रोनच्या दोन फवारण्या, एकरी 500, म्हणजे 6,000. पीक पिवळं पडल्यावर युरियासाठी धावाधाव केली, तेव्हा सहा गोण्यांसोबत दुकानदाराने गळ्यात मारलेल्या आणखी दोन बाटल्या, 450. एकूण 15,810. घटलेलं उत्पन्न यात धरलेलं नाही. ते धरलं की झोप लागत नाही.

विकणाऱ्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: चहा, शेजारच्या तालुक्यातल्या ‘प्लॉट’चे फोटो, आजच पैसे भरले तर सूट. या वेळी नवीन होता तो लेझर. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात औषधाचे दोन थेंब, बाजूने लाल लेझर मारला की पाण्यात लख्ख रेघ. “हे बघा नॅनो कण!” रेघ खरीच उमटते. पण ती पाण्यात दुधाचा थेंब टाकला तरी उमटते. पाण्यात तरंगणारा कुठलाही बारीक कण उजेड विखुरतो, एवढंच. 100 नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या, आतला कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. आणि हे आम्ही ओट्यावर बसून बघत होतो, टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. चहाला आणलेलं दुधाचं पातेलं हाताच्या अंतरावर होतं.

दुसरी चूक त्याहून लाजिरवाणी. बाटली उलटी करून लेबल वाचलं नाही. पुढे मोठ्या अक्षरात ‘नॅनो’, मागे ‘वनस्पती पोषक, 100 टक्के ऑरगॅनिक’. नत्र किती टक्के, याचा पत्ता नाही. बॅच नंबर नाही.

आता कोणी म्हणेल, शिकलेली माणसं फसतात कशी? जुलैअखेर युरियाची गोणी मिळत नव्हती, आणि अधिकृत नॅनो युरियाबद्दल ‘एक बाटली म्हणजे एक गोणी’ हे 2021 पासून भिंतींवर, मेळाव्यांत, सरकारी भाषणांत ऐकत आलोय. मग दारात आलेल्या माणसाने तेच म्हटलं तर अविश्वास कशाचा ठेवायचा?

पण गणित तेव्हाच करायला हवं होतं. अधिकृत नॅनो युरियाचं जे पहिलं मानक आलं, ते 4 टक्के नत्राचं. म्हणजे 500 मिलीत 20 ग्रॅम. 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी 20.7 किलो. हजारपटीचा फरक! कण कितीही बारीक असो, नत्र हवेतून येत नाही. एक क्विंटल मक्याच्या दाण्यातच सव्वा ते दीड किलो नत्र निघून जातं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमीच्या युरियाचा वाटा कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचं उत्पादन 21.6 टक्के आणि भाताचं 13 टक्के घटलं. ही खऱ्या बाटलीची गत. आमच्या बाटलीत तेही नव्हतं. मक्याचं खालचं पान शेंड्याकडून मधल्या शिरेवर इंग्रजी व्हीसारखं पिवळं पडायला लागलं की ती नत्राची हाक असते. तेव्हा गोणीचा दुसरा हप्ता थांबवू नका, कोणी कितीही ग्लास दाखवो.

तक्रारीचं ऐका. पंचायत समितीत सांगितलं, “हे खत नाहीच, आमच्याकडे येत नाही.” तालुका कृषी कार्यालयात म्हणाले, गुणनियंत्रण तिकडे, पंचायत समितीत. तिथून पुन्हा इकडे, चार खेपा, प्रत्येकी 70 रुपयांचं पेट्रोल. शेवटी एक साहेब म्हणाले, फोडलेल्या बाटलीचा नमुना चालत नाही, सीलबंद आणा. म्हणून सांगतो, कुठल्याही लॉटमधली एक बाटली सीलबंद ठेवा, पीक हाती येईपर्यंत. पोलिसांनी बिल मागितलं, तर आमच्याकडे ‘लिक्विड 12 नग’ लिहिलेला चिटोरा. खतविक्रेत्याने बिल द्यायचं हे खत नियंत्रण आदेश 1985 सांगतो, पण आम्ही मागितलंच नाही.

आणि गंमत बघा. नॅनो खत म्हणून विकायचं तर त्याचं मानक याच आदेशाखाली अधिसूचित असावं लागतं. नॅनो युरियाचं 2021 ला आलं, नॅनो डीएपीचं (नत्र-स्फुरदाच्या खताचं) 2023 ला. मग ‘खत नाही’ म्हणून जे हात झटकतात, त्यांनी ‘नॅनो’ छापून खताच्या नावाने विकणाऱ्याला विचारायला नको का? युरियासोबत जबरदस्तीने बाटली देणं, ज्याला लिंकिंग म्हणतात, तेही बेकायदा. दुकानदार हसून म्हणतो, वरूनच येतं.

‘नॅनो’ हा शब्दच असा आहे. 2016 ला आपल्याच लोकांनी 2000 च्या नोटेत नसलेली नॅनो चिप शोधली होती. जर्मनीत 2006 साली ‘नॅनो’ नावाचा बाथरूमचा स्प्रे वापरून शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला, डबे परत मागवले. तपासात निघालं काय, तर त्यात नॅनो कण नव्हतेच. त्रास मात्र खरा होता. म्हणून अनोळखी फवारा, नॅनो असो नसो, तोंडाला मास्क लावूनच मारा. आमच्या ड्रोनवाल्या पोराने रुमालही बांधला नव्हता.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तिथे जाणार. विकणाऱ्याचा नंबर बंद आहे. शेजारच्या गावात, ऐकतो, आता ‘नॅनो पोटॅश’ आलंय. ग्लास तोच, लेझर हिरवा.