संदर्भसूची: हातानं, वर्डमध्ये, झोटेरोत की मेंडेलीत?

आमच्या कॉलेजात पेपर लिहिणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक संदर्भ हातानं टाइप करणारा. दुसरा ‘त्यासाठी काहीतरी सॉफ्टवेअर असतं म्हणे’ असं म्हणत शेवटी हातानंच टाइप करणारा. मी बरीच वर्षं दुसऱ्या पक्षात होतो. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दुपारी लाइट जाणार, नेट कधी आहे कधी नाही, लॅबमधल्या संगणकांवर जुनं वर्ड. पुण्या-मुंबईकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून हा आढावा आपल्याकडच्या हिशेबानं.

आधी माझी फजिती. कापूस उत्पादकांच्या कर्जावरचा माझा पेपर, ४२ संदर्भ, सगळे एपीए पद्धतीनं, म्हणजे मजकुरात लेखक आणि वर्ष. पहिल्या जर्नलनं ‘आमचा विषय नाही’ म्हणून परत पाठवला. दुसऱ्या जर्नलला व्हँकुव्हर पद्धत हवी होती: मजकुरात फक्त आकडे आणि सूचीत नावं अक्षरक्रमानं न लावता मजकुरात येतील त्या क्रमानं. दोन संध्याकाळी घालून ते केलं. मग परीक्षकांनी प्रास्ताविकात एक संदर्भ वाढवायला सांगितला. तो आला पाचव्या क्रमांकावर, आणि पुढचे ३८ आकडे एकेकानं सरकले. सूचीतले सरकवणं सोपं, मजकुरात तेच आकडे जागोजागी विखुरलेले. फाइंड-रिप्लेस केलं तर ५ बदलताना १५ आणि २५ मधलाही ५ बदलला. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, “हे तं सरकी निवडल्यावानी काम हाये, सर.” पेपर छापून आला तेव्हा २३ आणि २४ एकमेकांच्या जागी होते.

तरीही हातानं करणं सरसकट चूक आहे असं मी म्हणणार नाही. मराठी नियतकालिकासाठी लेख असेल आणि संदर्भ पंधराच्या आत असतील, तर हातच बरा. मराठीत ‘तत्रैव’, ‘उपरोक्त’ असे शब्द आणि प्रत्येक संपादकाची आपली विरामचिन्हं. सॉफ्टवेअर मात्र मराठी सूचीत मधेच इंग्रजी ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) आणून ठेवतं, भातातल्या खड्यासारखं. गुगल स्कॉलरमध्ये पेपरखालचं ‘साइट’ (Cite) दाबलं की एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड आणि व्हँकुव्हर असे पाच तयार नमुने मिळतात. ते उचलावेत, पण मूळ पेपरशी ताडून. पानांचे आकडे गळालेले आणि शीर्षकं सगळी मोठ्या अक्षरांत असलेली मी बरीच पाहिली आहेत.

तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याला देणं हाही आपल्याकडचा प्रचलित पर्याय. त्याचा हात सफाईचा असतो, पण तो बहुधा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो. तो मजकूर कुठल्याही संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्याला युनिकोडमध्येच टाइप करायला आधी सांगा. शिवाय स्वल्पविराम कुठे आणि तिरपं अक्षर कुठे, हे त्यानं ठरवायचं नसतं.

वर्डच्या ‘रेफरन्सेस’ टॅबमधली सोय २००७ च्या वर्डपासून आहे. वेगळं काही बसवायला नको, नेट नको. पण प्रत्येक नोंद स्वतः भरायची आणि पद्धती मोजक्याच. एमएच्या प्रबंधिकेला पुरते.

खरी निवड झोटेरो आणि मेंडेली या संदर्भ सांभाळणाऱ्या दोन सॉफ्टवेअरांत. (एंडनोट हे तसंच तिसरं विकत घ्यावं लागतं, कॉलेज घेऊन देत नसेल तर सोडा. गणित-भौतिकीवाले वर्डऐवजी लाटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात, त्यांची सोय त्यातच आहे.) दोन्ही फुकट, दोन्ही वर्डला जोडता येतात, दोन्हींत पद्धत बदलली की अख्खी सूची आणि मजकुरातले आकडे आपोआप बदलतात. माझ्या त्या दोन संध्याकाळी इथे दोन मिनिटांत आटोपल्या असत्या.

मेंडेली २०१३ पासून एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीची. ऑनलाइन साठवायला २ जीबी मिळतात, झोटेरोत फक्त ३००  एमबी. हा आकडा पाहून पुष्कळ जण मेंडेलीकडे जातात. पण झोटेरोची ती मर्यादा त्यांच्या सर्व्हरवर ठेवायच्या फायलींना आहे. तुमच्या लॅपटॉपवर हव्या तेवढ्या पीडीएफ ठेवा. मेंडेलीचं आत्ताचं वर्डमधलं जोडसॉफ्टवेअर २०१६ किंवा त्यापुढचं वर्ड मागतं आणि खात्यात साइन-इन करायला लावतं. आमच्या लॅबमध्ये वर्ड २०१३. तिथेच माझा निर्णय झाला. झोटेरो अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालं, मुक्त स्रोत आहे आणि नोंदी आपल्याच संगणकात ठेवतं. नेट गेलं तरी लिहिणं थांबत नाही. नोंदी गोळा करताना नेट लागतं, पण ते एकदाच: जादूच्या कांडीच्या चिन्हावर क्लिक करून पेपरचा डीओआय (त्याचा कायमचा ओळखक्रमांक) टाकला की लेखक, वर्ष, खंड, पानं आपोआप भरतात. जर्नलनं मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर लाल पट्टीनं सांगतं, हेही मला मोलाचं वाटतं.

म्हणून झोटेरो डोळे झाकून वापरा असं नाही. आपले निम्मे संदर्भ शासकीय अहवाल, गॅझेटियर आणि संस्थांचे असतात, त्यांना डीओआय नसतो. हातानं भरताना संस्थेचं नाव आडनाव-नावाच्या दोन रकान्यांत गेलं तर इंग्रजी सूचीत ‘गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र’चं ‘महाराष्ट्र, जी. ऑफ’ होतं. माझ्या एका पेपरात झालं आणि ते पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या लक्षात आलं. लेखकाच्या रकान्याशेजारी छोटं बटण आहे, ते दाबून दोन रकान्यांचा एक करायचा आणि पूर्ण नाव त्यात लिहायचं.

आता हिशेब. पीएचडीला नाव नोंदवलं असेल तर आजच झोटेरो बसवा, प्रबंध लिहायला बसण्याची वाट पाहू नका; अडीचशे संदर्भ शेवटी भरायला कोणाच्यानं होणार नाही. वर्षाला एखादाच इंग्रजी पेपर असेल तरी झोटेरोच, कारण तो पहिल्याच जर्नलमध्ये लागेल याची खात्री नाही. यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल आपणच पारखायचं आहे, आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. सहलेखक दुसऱ्या शहरात असून आधीपासून मेंडेलीवर असतील आणि तुमच्याकडे नवं वर्ड असेल, तर मेंडेली घ्या. एका पेपरात दोन सॉफ्टवेअर मिसळणं सगळ्यात वाईट.

पेपर पाठवण्याआधी फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीत झोटेरोचं ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा, म्हणजे संदर्भ साधा मजकूर होतो. दुरुस्तीसाठी देतानाही हीच प्रत द्यायची. कोणी मूळ फाइल मोबाइलवरच्या डब्ल्यूपीएस या वर्डसारख्या ॲपमध्ये उघडून सेव्ह केली तर झोटेरोचे दुवे तुटू शकतात, आणि मग पुन्हा सरकी निवडायला बसायचं. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर कोणालाच देऊ नका. गाइडलासुद्धा.