आधी 'ड्रॅक्युला' की 'सेलम्स लॉट'?

व्हॅम्पायर म्हणजे काय हे माहीत आहे, सिनेमे पाहून झालेत, आता एक तरी कादंबरी धड वाचावी असं वाटतंय, अशांसाठी हे लिहितोय. ब्रॅम स्टोकरची १८९७ची 'ड्रॅक्युला' की स्टीफन किंगची १९७५ची 'सेलम्स लॉट'? दोन्ही वाचल्या आहेत, दोन्ही आवडल्या आहेत. फक्त सारख्या नाहीत.

भीतीच्या बाबतीत 'ड्रॅक्युला'ची सुरुवात मला आजही वरचढ वाटते. जोनाथन हार्कर हा प्रोटेस्टंट इंग्रज. ट्रान्सिल्व्हेनियातल्या बिस्ट्रिट्झ गावच्या सरायवाल्याची म्हातारी बायको त्याच्या गळ्यात क्रूस घालते, तेव्हा त्याला तो मूर्तिपूजेचाच प्रकार वाटतो, पण म्हातारीचं मन मोडवत नाही म्हणून ठेवतो. पुढे काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्यात दाढी करताना कापतं, काउंट गळ्याकडे झेपावतो, हात माळेला लागतो आणि तो लगेच शांत होतो. इथवर मी खूश होतो.

गाडी अडते ती व्हॅन हेल्सिंगपाशी. हा कॅथलिक प्राध्यापक अ‍ॅमस्टरडॅमहून मिस्सेतली (चर्चमधल्या उपासनेतली) पवित्र भाकर घेऊन येतो, ती कुस्करून लांबीसारखी, म्हणजे फटी बुजवायच्या पुट्टीसारखी मळतो आणि व्हॅम्पायर झालेल्या लुसीच्या थडग्याच्या दाराच्या फटी बुजवतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, माझ्याकडे इंडल्जन्स आहे. आता इंडल्जन्स ही पापाच्या शिक्षेतली सूट, असल्या कामाचा परवाना नव्हे. ज्या भाकरीला कॅथलिक माणूस साक्षात ख्रिस्ताचं शरीर मानतो, तिची लांबी करताना या श्रद्धावंताचा हात जरासुद्धा थरथरत नाही? स्टोकर स्वतः डब्लिनचा प्रोटेस्टंट, त्याला ते खुपलं नसावं. मला मात्र तिथून पुढे धर्म हा शस्त्रांच्या पेटीतला एक जिन्नस वाटू लागला, लसणीच्या शेजारी ठेवलेला. कुणीही उचलावा, काम होणारच. हार्करची बायको मीना हिचं कपाळ त्याच भाकरीने भाजतं तो प्रसंग अपवाद. तिथे तिच्याइतकाच मीही हादरलो.

(गंमत म्हणजे इतिहासात उलटंच घडलं होतं. १७५५मध्ये ऑस्ट्रियाच्या कॅथलिक सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य व्हॅन स्वीटेन याच्या अहवालानंतर व्हॅम्पायर समजून प्रेतं उकरून जाळण्याच्या प्रकारांना बंदीच घातली.)

'सेलम्स लॉट'मध्ये नेमकी ही अडचण सुटते. पुढचं वाचलंत तर थोडं गुपित फुटेल. फादर कॅलहन हा दारूच्या आहारी गेलेला पाद्री. बारलो हा व्हॅम्पायर मार्क नावाच्या पोराला धरून उभा, समोर फादर, हातात झळाळता क्रूस. बारलो सौदा मांडतो: पोराला सोडतो, तू क्रूस टाक आणि नुसत्या श्रद्धेवर माझ्यासमोर उभा राहा. पोरगा सुटतो. फादरला मात्र क्रूस टाकवत नाही. तो हातातच राहतो आणि त्याचा उजेड विझत जातो. याच मार्कने आधी खेळण्यातल्या प्लास्टिकच्या क्रूसाने एका व्हॅम्पायरला पिटाळलेलं असतं! पाद्र्याचा क्रूस हरतो, पोराचा चालतो. रात्री दिवा मालवल्यावर मला दाराची कडी लावली की नाही या धास्तीपेक्षा या प्रसंगानेच जास्त छळलं.

दोष आहेत. पहिला एक तृतीयांश भाग गावगप्पांत जातो, नावं लक्षात राहत नाहीत, आणि बारलो जरा जास्तच बोलतो. काउंट त्या मानाने दबदबा राखून असतो. रोजनिशी, पत्रं, तारा यांतून गोष्ट उलगडत जाणं ज्यांना आवडतं, त्यांना स्टोकरच जवळचा वाटेल, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

तरी एकच घ्यायची असेल तर मी किंग घेईन. इंग्रजी जड जात असेल तर नारायण धारपांची 'लुचाई' याच कादंबरीवर बेतलेली आहे. आणि स्टोकर अगदीच सोडवत नसेल, तर हार्करच्या रोजनिशीचे पहिले चार अध्याय आधी वाचा आणि मग किंगकडे वळा.