इशापूर २ए१ रायफल : वर्षभर वापरल्यावर

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्या मंडळींत इशापूर २ए१ या भारतात बनलेल्या ली-एन्फिल्डला फारसा मान नाही. ली-एन्फिल्डच (ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल) घ्यायची तर पहिल्या महायुद्धातली इंग्लंडची घ्या, लिथगोची ऑस्ट्रेलियन घ्या, नाहीतर कॅनडातल्या लाँग ब्रांचची नंबर ४ घ्या, असा सल्ला मिळतो. इशापूरचं नाव काढलं की 'ती काळा रंग फासलेली ना?' एवढ्यावर विषय संपतो. कॉलेजात असताना एनसीसीत थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ काडतुसाची ली-एन्फिल्ड, हाताळलेली असल्याने मला मात्र पहिल्यापासून तीच हवी होती. गेल्या हिवाळ्यात इथे ओहायोत १९६७ सालची एक मिळाली. साडेपाचशे डॉलर पडले. वर्षभर ती उघडली, पुसली, चालवली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी ही काय चीज आहे ते सांगतो, कारण हिच्याबद्दल बऱ्याच थापा चालतात. १९६२च्या चीन युद्धानंतर लष्कराला रायफली भराभर हव्या होत्या. ७.६२ मिलिमीटरचं नाटो काडतूस आपण स्वीकारलं होतं आणि त्यावर चालणारी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) इशापूरलाच बनत होती, पण सगळ्यांना पुरेल इतकी ती लगेच कुठून येणार? पश्चिम बंगालमधल्या या कारखान्याला ली-एन्फिल्ड बनवायची जुनी सवय होती. मग १९०७च्या ब्रिटिश मार्क ३चाच आराखडा घेऊन तो नव्या काडतुसासाठी पुन्हा घडवला. आधीच्या २एवर नेम धरायची मागची साइट जुनीच राहिली, २००० यार्डांपर्यंतचे आकडे असलेली. नंतरच्या २ए१वर ती ८०० मीटरची झाली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे उत्पादन चाललं. जुन्या .३०३ला नवी नळी ठोकून ही बनवली, असं इथले दुकानदारसुद्धा सांगतात. ते खोटं आहे. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून हिची बॉडी, म्हणजे नळी आणि बोल्ट बसतात तो सांगाडा, अधिक चांगल्या पोलादाची, नव्याने केलेली आहे.

खरेदीच्या कायद्याबद्दल थोडक्यात. तुम्ही एच-वन व्हिसावर असाल तर या फंदात पडू नका. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. ग्रीनकार्डवाल्यांना चालतं. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली रायफल 'क्युरिओ अँड रेलिक' या वर्गात मोडते. त्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. मग परराज्यातली रायफल थेट घरी येते, फक्त आल्या-गेल्याची वही नीट ठेवावी लागते. 'मूळ रूपात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. इथे काही आयातदारांनी २ए१ कापून आखूड केल्या आणि जंगल कार्बाइनसारखी भडक नावं देऊन विकल्या. त्या दिसतात टेचदार, पण संग्रहाच्या दृष्टीने त्यांना काही किंमत नाही.

आता तपासणी, म्हणजे माझ्या मते या छंदातला निम्म्याहून जास्त आनंद. पेटी उघडल्यावर आधी बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) मागे घेऊन चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि करंगळीनेही पाहिलं. मग उजव्या बाजूला, दस्त्याच्या मानेवरच्या पोलादी कड्याकडे वळलो. तिथे अशोकस्तंभाचे सिंह, खाली रायफलचं नाव, 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि साल. स्वातंत्र्याआधीच्या इशापुरी रायफलींवर याच जागी मुकुट आणि सम्राट जॉर्जचं 'जीआरआय' असतं. एकाच कारखान्याच्या, एकाच ठिकाणच्या या दोन खुणा शेजारी ठेवून पाहायला मिळाल्या तर जरूर पाहा. मला रेंजवरच्या एका आजोबांच्या १९४२च्या रायफलीमुळे ती संधी मिळाली आणि दोघांचा शूटिंगचा अर्धा वेळ त्यातच गेला.

नंबर जुळवणं हे पुढचं काम. बॉडीवरचा नंबर बोल्टच्या दांडीवर, नळीवर, नळीच्या तोंडाजवळच्या पुढच्या टोपणावर आणि लाकडाच्या पोटाशी सापडायला हवा. विकणाऱ्याने सगळं जुळतं असं लिहिलं होतं. बोल्ट, नळी, टोपण जुळलं, मॅगझिनवर (काडतुसांच्या पेटीवर) मात्र दुसराच नंबर निघाला. मला त्याने फरक पडत नाही. सैन्यात किंवा पोलिसांत वापरलेल्या रायफलीची मॅगझिन बदलणं नवलाचं नाही, आणि ही मॅगझिन चौकोनी, .३०३च्या उतरत्या मॅगझिनपेक्षा वेगळी असल्याने दुरून ओळखता येते. बोल्ट मात्र जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर पुढचं काहीही न बघता रायफल परत करावी.

लाकूड पाहताना दोन जागा विसरू नका. एक, मॅगझिनच्या पुढे आडवा घातलेला स्क्रू. इशापूरने पुढचं लाकूड फाटू नये म्हणून तो घालायला सुरुवात केली, आणि तो पाहून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. इथले लोक त्याला सरळ इशापूर स्क्रू म्हणतात. दुसरी जागा चापाच्या वर, जिथे बॉडी मागे रेटते आणि लाकडाला बारीक चिरा पडतात. माझ्या रायफलीत तिथे एक केसासारखी रेघ आहे, वर्षभरात ती वाढलेली नाही. लाकूड उतरवायचं झालं तर आधी पुढचं लाकूड, मगच बट, हा क्रम सोडू नका. बटच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. आधी बटचा बोल्ट फिरवला तर ते टोक पट्टी फिरवतं आणि पुढचं लाकूड चिरफाळतं. शंभर वर्षांत किती रायफली अशा वाया गेल्या असतील, देव जाणे.

बटच्या झाकणाखालची छोटी कोठी उघडली तर आत पितळी तेलाची कुपी आणि नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी होती. चिंदी गायब. पुलथ्रूवरून आठवलं: दोरीने नळी ओढताना ती तिरकी घासली तर तोंडाशी नळी झिजते, म्हणून नळीचं तोंड काळजीने तपासावं. काडतुसाची गोळी तोंडात उलटी घालून बघायची एक जुनी रीत आहे, ती पुंगळीच्या तोंडापर्यंत आत गेली तर झीज झालेली. माझी बऱ्यापैकी बाहेरच थांबली. आतलं रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, ग्रीसखाली काळंकुट्ट दिसत होतं. धुतल्यावर कडा स्पष्ट निघाल्या, चेंबरजवळ थोडी खवल आहे.

हेडस्पेस म्हणजे बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा, यांतलं अंतर. ते न मोजता जुनी रायफल चालवणं हा निव्वळ आचरटपणा आहे. स्थानिक बंदूक कारागिराकडून मापाच्या गेजने तपासून घेतलं, पैसे नाममात्र पडले. ली-एन्फिल्डच्या बोल्टचं डोकं स्क्रूने बसतं, म्हणजे अंतर थोडं वाढलं तर डोकं बदलून भागतं.

ग्रीस काढण्याचं काम उन्हाळ्यात केलं. मिनरल स्पिरिटने धातू, आणि लाकूड काळ्या कचरापिशवीत गुंडाळून उन्हात. तासाभरात लाकडातून तेल घामासारखं पाझरतं, पुसायचं, पुन्हा गुंडाळायचं. गॅरेजमधल्या वासाबद्दल बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर कच्चं जवसाचं तेल, तळहाताने, पातळ. पॉलिश, व्हार्निश, सँडपेपर यांना हात लावायचा नाही.

आणि काळा रंग? तोही काढायचा नाही. इथले कलेक्टर ज्याला नाक मुरडतात तो रंग कारखान्याचाच आहे. त्याखाली फॉस्फेटचा थर, वर काळा इनॅमल, बटच्या पट्टीलासुद्धा. युद्धाने घायकुतीला आलेल्या देशाने, पावसाळी हवेत टिकेल अशी आणि झटपट होईल अशी केलेली ही सोय आहे. माझ्या रायफलीवर बोल्टच्या दांडीचा आणि मागच्या साइटच्या कडांचा रंग उडून पोलाद दिसतं, बाकी शाबूत आहे. हा रंग खरवडून निळसर चकाकी देणारे महाभाग मी पाहिलेत. मग ती रायफल ना इंग्रजी दिसते ना इशापुरी.

रेंजवर. नेहमीचं अंतर १०० यार्ड. बोल्ट ली-एन्फिल्डला शोभेल असाच, सहज फिरणारा. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यावर स्प्रिंग दाबली जाते, त्यामुळे माउझर या जर्मन रायफलीची सवय असलेल्याला सुरुवातीला अडखळल्यासारखं होतं. एकदा हात बसला की कळतं, १९१४च्या ब्रिटिश शिपायाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा का ठेवत होते. माझ्याकडून त्याच्या निम्म्याही होत नाहीत, तो भाग वेगळा. .३०३च्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिन भरताना वरची कड खालच्या कडेमागे गेली की अडकलंच, एनसीसीत उस्ताद त्यावरून शिव्या घालायचे. ७.६२ला बाहेर आलेली कड नसल्याने ही डोकेदुखी संपली. पुंगळी मात्र जोरात बोल्ट ओढला तरच लांब उडते, हळू ओढला तर तिथेच आडवी पडून राहते.

चाप दोन टप्प्यांचा, थोडा जड, पण दुसरा टप्पा स्वच्छ तुटतो. उघड्या साइटने, माझ्या चाळिशीच्या डोळ्यांनी, पाच गोळ्या साधारण चार इंचांत येतात. गोळ्या मूळ नेमाच्या वर लागतात, तेव्हा काळ्या वर्तुळाच्या खाली नेम धरायचा. डावीउजवीकडे मागच्या साइटची सोयच नाही, पुढचं पातं ठोकून सरकवावं लागतं आणि पुढच्या टोपणाच्या कानांमुळे ते काम किचकट होतं. अवजार मागवलं, एकदा जमवलं, आता हात लावत नाही. बटला धातूची पट्टी असल्याने खांद्याला झटका जाणवतो. टीशर्टवर चाळीसेक गोळ्या झाल्या की पुरे वाटतं.

काडतुसांबद्दल इथे भांडणं होतात. बाजारातली .३०८ विंचेस्टर आणि लष्करी ७.६२ नाटो बाहेरून सारखीच. दाबाचे आकडे पाहिले तर .३०८ला ६२,००० आणि नाटोला ५०,००० दिसतं, म्हणून लोक घाबरतात. पण हे दोन आकडे वेगळ्या पद्धतीने मोजलेले आहेत, सरळ वजाबाकी करता येत नाही. तरीही बोल्टचे लग (बोल्ट बंद धरणारे खुंट) मागच्या बाजूला असलेली, पन्नाशी उलटलेली ही रायफल आहे. मी १४७ ग्रेन वजनाच्या गोळीच्या, नाटो मापाच्या काडतुसांवर थांबतो. जड गोळ्यांच्या, शिकारीच्या तिखट काडतुसांच्या नादी लागत नाही.

त्याच आजोबांनी एकदा पुंगळ्यांचा डबा समोर ठेवला. काही .३०३च्या बुडावर 'केएफ', म्हणजे खडकी, पुण्याची १८६९पासूनची ॲम्युनिशन फॅक्टरी. काही ७.६२च्या बुडावर 'ओएफव्ही'. ते त्यांना माहीत नव्हतं. म्हटलं, वरणगाव, जळगाव जिल्हा, भुसावळजवळ. आजोबांनी डबा माझ्याकडे सरकवला. माझ्या संग्रहात आता रायफलीच्या शेजारी त्या दोन-चार पुंगळ्या आहेत, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांना आधी त्याच दाखवतो.

तक्रारी फार नाहीत. नळीच्या तोंडाजवळ आयातदाराचा खरडलेला शिक्का आहे. तो कायद्यानेच असतो, पण इतका ओबडधोबड करायची गरज नव्हती. सुटे भाग .३०३च्या मानाने कमी मिळतात, विशेषतः मॅगझिन. जास्तीची एक मिळाली तर रायफलीबरोबरच घेऊन टाका. ओहायोचा दमट उन्हाळा रंग उडालेल्या जागी लगेच गंज धरतो, महिन्यातून एकदा तेलाची चिंदी फिरवावी लागते. तिजोरीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्यात. घरात मुलं असल्याने बोल्ट वेगळ्या कुलपात.

निव्वळ नेमबाजीसाठी रायफल हवी असेल तर ही घेऊ नका. याच पैशांत आधुनिक बोल्ट ॲक्शन मिळते आणि ती दुर्बिणीसकट इंचभरात गोळ्या टाकते. ज्याला एखादं हत्यार वाचायला आवडतं, खुणा, नंबर, स्क्रू, रंग बघत बसायला आवडतं, त्याने मात्र इथल्या लोकांचं नाक मुरडणं मनावर न घेता घ्यावी. भाव अजून इंग्रजी मार्क ३च्या खाली आहे तो त्यांच्या नाक मुरडण्यामुळेच.

पुण्यातले मित्र हमखास विचारतात, ही भारतात परवान्यावर घेता येते का. नाही. ७.६२ आणि .३०३ ही दोन्ही मापं तिथे प्रतिबंधित वर्गात येतात, साध्या परवान्यावर ती मिळत नाहीत. त्याच इशापूरची, ली-एन्फिल्डच्याच धर्तीची .३१५ स्पोर्टिंग रायफल मात्र अप्रतिबंधित आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात, त्यात ती बसते. हातात घेऊन बघायला मिळाली तर बोल्ट फिरवून पाहा, हाताला तोच अनुभव येईल.