शिडाच्या जुन्या बोटीचे छत आणि शिरोलीचे कारागीर

मालवणला असलेल्या आमच्या शिडाच्या जुन्या बोटीच्या केबिनचे छत कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतील एका फायबरग्लास कारखान्याच्या कारागिरांनी तिथे येऊन दुरुस्त केले. अशा छतात फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बहुधा बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा असतो. त्यामुळे फारसे वजन न वाढता ताठरपणा येतो, परंतु बोल्टच्या छिद्रांतून पाणी झिरपले की गाभा कुजतो आणि छत पायाखाली दबू लागते. कारागिरांनी हातोडीने ठोकत, बद्द आवाजावरून कुजलेला भाग आखला, वरचा थर कापून नवा बाल्सा इपॉक्सीत (सुकून कडक होणाऱ्या चिकट रसायनात) बसवला आणि बोल्टचे प्रत्येक छिद्र आधी मोठे करून, घट्ट इपॉक्सीने भरून, मगच त्यातून नवे पाडले. हे किचकट काम अनेक जण टाळतात. रंगाची छटा मात्र जुळलेली नाही, आणि दरही कमी म्हणता येणार नाहीत.